घर रिकामं आहे, पण द्यायचं नाही

सांगलीत भाड्यानं घर मिळत नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा रात्री आठच्या सुमारास विश्रामबागेतल्या कुठल्याही चार मजली अपार्टमेंटसमोर उभं राहावं आणि अंधाऱ्या खिडक्या मोजाव्यात. दोन-तीन फ्लॅट हमखास बंद दिसतील. एकाचे मालक पुण्याला मुलाकडं राहायला गेलेत. दुसरा 'पुढंमागं लागेल' म्हणून घेऊन ठेवलेला. तिसरा खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्याचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्याचा. धंदा पार तामिळनाडूत नाहीतर बंगालात, घर इथं, आणि कुलूप निघतं ते दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला. त्याच इमारतीच्या गेटपाशी स्कूटर लावून एखादं जोडपं वॉचमनला विचारत असतं, 'इथं काही रिकामं आहे का हो?' वॉचमन खरं तेच सांगतो. 'रिकामी लई हाईत, द्यायची न्हाईत.'

माझं म्हणणं त्याच्या या उत्तराबद्दलच आहे. मालकाला भाडेकरूची भीती वाटते, आणि त्या भीतीची किंमत भाडेकरू मोजतो: फुगवलेलं डिपॉझिट, नको तेवढ्या चौकशा आणि शेवटी नकार. या भीतीला एके काळी सबळ कारण होतं. कायद्यानं ते कारण पंचवीस वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी काढून टाकलं. पण ही बातमी मालकांच्या घरापर्यंत अजून पोचलेली नाही, आणि ती पोचवायची जबाबदारी आपली आहे असं कुठल्याच कार्यालयाला वाटत नाही.

हे एकट्या सांगलीचं नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांत मिळून एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी नोंदली गेली होती. तरी घरांचा प्रश्न निघाला की सरकार नवी घरं बांधायची योजना काढतं. पंतप्रधान आवास योजनेत भाड्याच्या घरांना स्वतंत्र जागा मिळाली ती २०२० मध्ये, कोरोनात मजूर डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडं चालत निघाल्यावर. तोवर भाड्यानं राहणारा माणूस म्हणजे अजून घर न घेतलेला माणूस, एवढीच त्याची सरकारदरबारी ओळख होती.

आपल्याकडं भाड्याचं घर शोधतं कोण, ते बघा. वालचंद, विलिंग्डन या कॉलेजांची मुलं. मिरजेच्या शासकीय मेडिकलचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी. मिरजेच्या दवाखान्यांत उत्तर कर्नाटकातून, कोकणातून आलेले रुग्णांचे नातेवाईक, ज्यांना महिना-दीड महिना रेडिएशन चालेल तेवढ्यापुरती खोली हवी असते. कुपवाड एमआयडीसीतले कामगार. बँका, कोर्ट, जिल्हा परिषद, पोलीस यांतले बदलीवाले. यांतल्या बहुतेकांचं वेळापत्रक एकच: मे महिन्यात बदलीचा आदेश किंवा निकाल, आणि जूनमध्ये घर हवं. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत सगळं शहर एकाच वेळी घर बघायला बाहेर पडतं.

बरं, यांना शहरात कुठंही घर चालत नाही, आणि त्याला कारण कृष्णा. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी चाळीस फुटांवर गेली की इशारा, पंचेचाळीसवर धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. ऑगस्ट २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५ होतं, नंतर २०२१ आलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत पाणी सगळ्यात आधी शिरतं. दुसरीकडं शामरावनगर नदीकाठाला नाही, पण काळवट सखल जमीन, गुंठेवारीतले प्लॉट आणि निचऱ्याची बोंब, त्यामुळं तिथं पावसाचंच पाणी महिनोन्‌महिने हटत नाही. मग उरतो विश्रामबागपासून मिरजेकडं जाणारा उंचावरचा पट्टा. सगळी गर्दी तिथं. शहर सांगली, मिरज, कुपवाड अशा तीन गावांचं, महापालिका तीन नावांची, आणि घर हवं ते सगळ्यांना एकाच रस्त्याच्या आजूबाजूला.

खालच्या भागातलं एक घर मी नात्यातल्या एकांसाठी बघायला गेलो होतो. तळमजला, दोन खोल्या, मोरी आत, भाडं विश्रामबागेच्या जेमतेम निम्मं. नुकताच रंग दिलेला, फिकट अबोली. खिडकीतून ऊन तिरपं पडलं होतं, त्यात भिंतीवर छातीच्या उंचीला आडवी फुगलेली रेघ स्पष्ट दिसत होती. तिच्याखालचा रंग वरच्यापेक्षा किंचित काळपट, आणि बोट लावलं की पापुद्रा सुटायचा. बोर्डावरची बटणं मुद्दाम वर, डोक्याच्या उंचीला घेतलेली. 'पाणी येतं का?' असं विचारल्यावर मालक म्हणाले, 'एकोणीसला आलं होतं. ते काय दरवर्षी येतंय व्हय?' खोटं ते बोलले नाहीत. पण मी विचारलं नसतं, तर त्यांनी सांगितलंही नसतं.

परवडत नाही म्हणून माणूस अशा घरात जातो. पाणी आलं की गादी, फ्रिज, पोरांची पुस्तकं त्याची जातात. भिंत मालकाची असते, ती वाळते आणि पुन्हा अबोली होते. पंचनाम्याला लोक येतात तेव्हा या घरात आपण राहत होतो हे दाखवायचं तर कागद लागतो. लाइट बिल मालकाच्या नावावर, रेशनकार्ड गावाकडचं, करार तोंडी. म्हणजे सगळ्यात जास्त बुडालेल्या माणसाकडं बुडाल्याचा पुरावाच नसतो.

आता उंचावरच्या पट्ट्यात काय चालतं ते. तिथं कुटुंबाची स्पर्धा दुसऱ्या कुटुंबाशी लागत नाही, कॉट बेसिसशी लागते. दोन खोल्यांत सहा कॉट टाकल्या की प्रत्येक कॉटमागं वेगळं भाडं येतं, आणि त्याची बेरीज कुठलंही पगारदार कुटुंब देईल त्याहून जास्त होते. पोरं सुट्टीत घरी जातात, पण भाडं बारा महिने. स्वयंपाकघराची झीज नाही, कारण खानावळ लावलेली. ज्याच्याकडं कॉलेजच्या टप्प्यात जागा आहे तो हा हिशेब करणारच, त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चूक कॉलेजांची आहे. प्रवेश वाढवत न्यायचे, वसतिगृहाच्या जागा मात्र होत्या तेवढ्याच ठेवायच्या, आणि उरलेली मुलं आसपासच्या वस्तीनं सामावून घ्यावीत असं गृहीत धरायचं. या गृहीत धरण्याचा भुर्दंड शेजारच्या गल्लीतला भाडेकरू भरतो, हे कुठल्या प्रवेश समितीच्या कागदावर येत नाही.

आता मूळ मुद्दा, भीतीचा.

गावभागात, खणभागात जुने वाडे होते, अजून थोडे आहेत. त्यांतल्या बिऱ्हाडांची भाडी आजोबांच्या काळात ठरली आणि तिथंच थिजली. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा फाळणी आणि महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी आला. हेतू चांगलाच होता. पण भाडं गोठलं, भाडेकरू निघेना, आणि महिना पाच-पंचवीस रुपये भाडं येणाऱ्या वाड्याची कौलं शाकारायला मालक कशाला पैसे घालेल? मग माळवद गळायला लागलं, भिंती फुगल्या. मालक आणि भाडेकरू दोघंही वाडा पडायची वाट बघत राहिले, फक्त पडल्यावर काय करायचं याचे दोघांचे बेत वेगळे होते.

यातून सुटायला मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली: भाडेकरू नव्हे, परवान्यानं राहणारा. तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जो परवानाधारक चालू करारावर जागेत होता तो कायद्यानं भाडेकरू ठरला. पाहुणा म्हणून ठेवलेला माणूस एका रात्रीत घरचा झाला. त्या दिवसाची धास्ती आमच्या वडिलांच्या पिढीनं घेतली ती कायमची. 'एकदा घुसला की निघत नाही' हे वाक्य तेव्हापासून घराघरांत वारशानं चालत आलंय. ज्यांच्याकडं वाडा नव्हता, भाडेकरू नव्हता, १९७३ ला जे जन्मलेही नव्हते, त्यांच्याही तोंडात ते असतं.

पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणं राहण्यासाठी परवान्यानं दिलेल्या जागेची मुदत संपली की जागा परत करावीच लागते. नाही केली तर मालकानं सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. आणि मुदतीनंतर जितके दिवस माणूस राहील तितक्या दिवसांचं शुल्क दुप्पट. लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे मालकाला हवं होतं ते सगळं कायद्यानं दिलंय. बदल्यात मागितलंय एवढंच, की करार लेखी असावा आणि नोंदवलेला असावा. ते कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

आणि आपण काय करतो? पाचशेचा बाँड आणतो, झेरॉक्सच्या दुकानातल्या काँप्युटरवर आधीच्या गिऱ्हाइकाच्या फाइलीत नावं बदलतो, नोटरीचा शिक्का मारतो आणि 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायला लागत नाही' असं एकमेकांना छातीठोक सांगतो. अकरा महिन्यांची ही सोय केंद्राच्या नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या अटीवरून आलेली आहे. महाराष्ट्रात कलम ५५ ला ती लागू नाही. करार अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा. ज्या भीतीपोटी मालक घर कुलपात ठेवतो, त्या भीतीवरचं औषध तो हजार-दीड हजार वाचवायला स्वतःच घेत नाही. महिना आठ हजार भाडं आणि चाळीस हजार डिपॉझिट धरलं, तर अकरा महिन्यांच्या कराराचं मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास येतं आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, आधारवर दोघांचे ठसे लागतात, काम संपलं. मालक पुण्यात असेल तर तिथूनही ठसा देता येतो.

खर्च एवढाच, तरी नोंदणी टाळतात. कारण नोंदणी झाली की भाडं कागदावर येतं. कागदावर आलं की प्राप्तिकरात दाखवावं लागतं, आणि घरपट्टी वाढेल ही दुसरी धास्ती. घरभाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, हिशेबाचा एक चिटोराही न दाखवता. निवृत्त माणसाला दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर बहुधा कर बसतच नाही. तरी 'रोख द्या, पावती मागू नका' हे ठरलेलं. पगारदार भाडेकरूला घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची असते, त्याला पावती लागते, आणि पावती मागणारा भाडेकरू त्याच क्षणी 'कटकट्या' ठरतो. इथं मला मालकांची बाजू घेववत नाही. कायद्याचं संरक्षण हवं आणि कायद्याला उत्पन्न दाखवायचं नाही, हे दोन्ही कसं जमायचं?

घरपट्टीबाबत मात्र त्यांचं म्हणणं रास्त आहे. वार्षिक भाडेमूल्यावर घरपट्टी बसवायची पद्धत असली की स्वतः राहणाऱ्यापेक्षा भाड्यानं देणाऱ्याला ती जास्त बसण्याची शक्यता राहते. म्हणजे घर कुलपात ठेवणारा फायद्यात आणि ते कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर म्हणून देणारा तोट्यात. शहराला घरं हवी आहेत की कुलपं, हे महापालिकेनं एकदा ठरवावं.

काही जण म्हणतात, भाड्यावरच मर्यादा आणा. मला हे पटत नाही. गावभागातले पडके वाडे त्या उपायाचीच फळं आहेत. भाडं बांधून दिलं की पहिला बळी डागडुजीचा, आणि दुसरा पुढच्या भाडेकरूचा, कारण त्याला कुणी आत घेत नाही. डिपॉझिटवर मर्यादा हवी, हे मात्र मला पटतं. केंद्रानं २०२१ मध्ये नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असं आहे. तो नमुनाच आहे, राज्यांनी आपापला कायदा करायचा. आपल्याकडं अजून १९९९ चाच चालतो. त्यामुळं इथं डिपॉझिट मालकाच्या मनाला येईल ते. आणि घर सोडताना रंगाचे, नळाचे, 'साफसफाईचे' कापून जे हातात पडतं ते बघितलं की वाटतं, घराला रंग भाडेकरूच्या पैशानं द्यायचा हा कुठल्या करारात लिहिलेला नियम आहे?

माझी भाची मिरजेला एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्यासाठी फोन मी करत होतो, कारण बाईमाणसानं एकटीनं विचारलं की पहिला प्रश्न 'मिस्टर काय करतात' असतो. एका काकूंनी सुरुवात छान केली. पाणी चोवीस तास, वर टेरेस, गाडी आत लावता येईल. मग, 'कोण कोण राहणार?' एकटीच, म्हणालो. 'नाइट ड्यूटी असते?' असते. 'मग रात्री-अपरात्री येणं-जाणं होणार. आमच्यात तसलं चालत नाही बघा.' मी म्हणालो, काकू, ती रात्री रुग्ण सांभाळते. त्यावर त्या थोडा वेळ थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, 'ते असू दे. आडनाव काय म्हणालासा?'

मी आडनाव सांगितलेलंच नव्हतं.

इथं मघाचा सगळा युक्तिवाद संपतो. बाईंना कब्जाची भीती नव्हती, आणि नोंदणीकृत करारानं त्यांचं समाधान होणारही नव्हतं. 'शाकाहारीच', 'फॅमिलीच', 'आपल्यातलेच' या अटी जाहिरातीत उघड छापल्या जातात, आणि त्यातला 'शाकाहारी' हा शब्द पुष्कळदा जेवणाबद्दल नसतोच. आमच्याकडं तांबडा-पांढरा ओरपणारे मालकसुद्धा ही अट घालतात तेव्हा हसावं की चिडावं कळत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला अडवणं हा गुन्हा आहे. पण कारण कोण सांगतो? 'कालच दिलं गेलं हो' एवढं म्हटलं की काम होतं. खासगी मालकानं धर्म बघून नकार दिला तर त्याला थेट हात घालणारं कलम या कायद्यातही नाही. मुस्लिम कुटुंबांना विश्रामबागेच्या पट्ट्यात घर मिळवताना काय काय ऐकावं लागतं ते त्यांनाच विचारावं. 'आमची काही हरकत नाही, पण सोसायटीत चालत नाही' हे उत्तर इतकं सर्रास मिळतं, की ही सोसायटी नावाची व्यक्ती भेटते तरी कुठं, असा प्रश्न पडतो. या बाबतीत स्पष्ट कायदा हवा, घर विकताना आणि भाड्यानं देताना भेदभाव करायला मनाई करणारा. त्यानं मनं बदलणार नाहीत, पण निदान जाहिरातीतली भाषा बदलेल, आणि आडनाव विचारणाऱ्याला जरा बिचकायला होईल.

तोवर इथल्या इथं काय होईल? नोंदणीकृत भाडेकरार दाखवणाऱ्या मालकाला महापालिकेनं घरपट्टीत वाढ नव्हे, सवलत द्यावी. तसा ठराव करून सरकारकडं पाठवावा. घरपट्टीचं बिल घरोघरी जातंच, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कलम २४ आणि ५५ सोप्या मराठीत छापावं. याला फक्त शाई लागते. कॉलेजांना वाढीव तुकड्यांची परवानगी देताना वसतिगृहाच्या खाटा मोजाव्यात.

आणि पूररेषेतल्या प्रत्येक गल्लीत खांबावर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा रंगवाव्यात, घर बघायला आलेल्याला कुणाला न विचारता दिसतील अशा. भाडेकरारातही 'या जागेत पुराचं पाणी किती वेळा आणि किती उंच आलं' असा रकाना असावा. मालक चिडतील, म्हणतील तळमजल्याचं भाडं पडेल. पडू दे. पाणी झाकून जे जास्तीचं भाडं मिळत होतं, तेवढंच पडेल.